भांडारांचे गाळे विकण्याआधी सभासदांना विचारा: सहकार खात्याला खुलं पत्र

प्रति,
मा. सहकारमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मा. सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था, महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय: बंद पडलेल्या आणि बंद पडत चाललेल्या सहकारी ग्राहक भांडारांचे सभासद, कर्मचारी आणि जागा

महोदय,

स.न.वि.वि.

मध्य मुंबईतल्या एका सहकारी ग्राहक भांडारात मी नोकरी केली. सुरुवात धान्य निवडायच्या खात्यात झाली, मग बिलाचं काउंटर, आणि शेवटची वर्षं खरेदी विभागात गेली. त्याच भांडाराची मी सभासदही आहे. शेअर मूळचे वडिलांचे. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. भांडाराच्या शाखा एकेक करून बंद झाल्या, संस्था अवसायनात गेली, म्हणजे देणी-मालमत्ता निकाली काढून ती गुंडाळायचं ठरलं, आणि आता मुख्य दुकानाच्या जागेच्या लिलावाची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात आली आहे. नोटिशीत जागेचं क्षेत्रफळ आहे, अनामत रक्कम आहे, "आहे त्या स्थितीत" हे शब्द आहेत. सभासदांचा उल्लेख नाही. कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या पैशांचाही नाही.

भांडाराचं नाव मी लिहीत नाही, कुणा अधिकाऱ्याचंही लिहीत नाही. एका माणसाला धारेवर धरून हा प्रश्न सुटणार नाही. आज आमची नोटीस आली, उद्या दुसऱ्या भांडाराची येईल, आणि हे सगळं तुमच्या खात्याच्या देखरेखीखाली होणार आहे. म्हणून पत्र तुम्हाला लिहिते आहे. सहकार म्हणजे साखर, फार तर बँक, एवढंच ज्यांच्या कानावर आलं आहे त्यांनीही ते वाचावं, म्हणून ते खुलं ठेवलं आहे.

ही दुकानं कुठून आली, हे आधी सांगायला हवं. इंग्लंडात रॉचडेल गावात १८४४ साली २८ जणांनी पै-पै जमवून एक दुकान उघडलं. त्यातले बरेचसे विणकर होते. लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या, इतकाच माल. वजन पुरं, भेसळ नाही, आणि नफा झाला तर ज्याची जेवढी खरेदी तेवढा त्याला वाटा. आपल्या देशात मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये १९०४ साली असंच भांडार निघालं. मुंबईत महायुद्धाच्या काळात १९४३ साली रेशनिंग आलं, काळाबाजार आला, आणि पगाराच्या दिवशी वाण्याची वही चुकती केली की कामगाराच्या हातात काही उरेना. त्या अनुभवातून १९४८ मध्ये नायगावच्या गिरणी कामगार वस्तीत "मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी संस्था" उभी राहिली. तिलाच पुढे सगळी मुंबई "अपना बाजार" म्हणून ओळखू लागली. दादा सरफरे, गजानन खातू यांच्यासारख्या समाजवादी विचारांच्या माणसांनी ती वाढवली. साठच्या दशकात नायगावला एकाच छताखाली धान्य, कापड, औषधं, भांडी मिळणारं दुकान झालं. कामगाराची बायको त्या दुकानात शिरायची तेव्हा तिच्याकडे कुणी गिऱ्हाईक म्हणून बघत नसे. ती सभासद होती, तिथल्या मालकांपैकी एक होती.

त्याच दशकात सरकारनेही या कामाला हात दिला. १९६२ च्या युद्धानंतर केंद्राने ग्राहक भांडारांची योजना आणली. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि भाव भडकतील या भीतीने दिल्लीत सुपर बाजार उघडला. मुंबईत १९६८ मध्ये "सहकारी भांडार" याच नावाची संस्था आली. पुढे वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने वारणा बाजार उभा राहिला आणि खेड्यातल्या माणसाला शहरासारखं मोठं दुकान मिळालं. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांचं मागणं रास्त भावाने, पुऱ्या वजनाने माल मिळावा एवढंच होतं. जिथे भांडार होतं तिथे ते मिळत होतं.

आमचं भांडार कसं चालायचं ते मला पाठ आहे. दाणाबंदरच्या घाऊक धान्यबाजारातून पोती यायची. आम्ही बायका तांदूळ, तूरडाळ, मसूर निवडून, चाळून, तोलून पुडे बांधायचो. खडे वेगळे काढून त्यांचं वजन लिहायचो, कारण ते वजन व्यापाऱ्याच्या बिलातून कापलं जायचं. पामतेल आलं की रांग नाक्यापर्यंत जायची, पण काउंटरवरून कुणालाही दोनदा तेल मिळत नसे आणि संचालकाच्या घरीही मागच्या दाराने डबा जात नसे. दिवाळीआधी रवा, मैदा, साखर, तूप यांचा कोटा सभासदांना आधी. ३१ मार्चला रात्री उशिरापर्यंत माल मोजणी चालायची. तूट किती निघाली ते नोटीस बोर्डावर लागायचं, सगळ्यांना वाचता येईल असं. वर्षाअखेर खरेदीवर रिबेट मिळायचं. रक्कम लहान असायची, पण माझी आई त्यातून शाळेची पुस्तकं घ्यायची आणि ते पैसे "आपल्या दुकानाचे" म्हणायची.

मग हे पडलं कशाने? त्याचं उत्तर एका ओळीत देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा पगार थांबला. भांडारांनी सभासदांना उधारीवर धान्य दिलं. ते द्यायलाच हवं होतं आणि त्याबद्दल मी कुणालाही दोष देणार नाही. त्यातली बरीच उधारी कधीच परत आली नाही, कारण परत करणारी माणसंच मुंबईतून उठली. कुणी कोकणात गेलं, कुणी घाटावर, कुणी डोंबिवली-विरारला. घाऊक धान्यबाजार वाशीला गेला, वाहतूक वाढली. १९९१ नंतर नियंत्रणं सैल झाली. ज्या पामतेलासाठी आणि साखरेसाठी लोक आमच्याकडे यायचे ते कुठल्याही दुकानात मिळू लागलं. जून १९९७ पासून रेशनही सरसकट सगळ्यांचं राहिलं नाही.

आतली कारणंही होती आणि ती लपवायचं मला कारण नाही. आमच्या भांडारात शिफारशीने भरती होत होती. दुपारी दुकान बंद ठेवायची पद्धत नोकरी करणाऱ्या बायका वाढल्यावरही कुणी बदलली नाही. लोकांना माल हातात घेऊन बघायचा होता, तेव्हा आम्ही काउंटरच्या मागेच उभे होतो. संगणक आला तेव्हा तो हिशेबनिसाच्या खोलीत बसला, गोडाऊनपर्यंत पोचलाच नाही, त्यामुळे कुठला माल पडून आहे हे मोजणीच्या रात्रीच कळायचं. संचालक मंडळाच्या निवडणुकीत पॅनेलं उभी राहू लागली आणि खरेदीच्या ऑर्डरी कुणाला जातात त्यावर मंडळात गट पडले. खरेदी विभागात बसून मी हे पाहिलं, आणि वार्षिक सभेत उभी राहून बोललेही.

पण एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवते. आज ज्या डीमार्टचं नाव घराघरात आहे, त्याचे संस्थापक राधाकिशन दमाणी यांनी १९९९ मध्ये नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवली होती. त्यानंतर २००२ मध्ये पवईला डीमार्टचं पहिलं दुकान उघडलं. म्हणजे कमी भाव, घरगुती वापराचा माल, मध्यमवर्गीय वस्ती, या गणितात चूक नव्हती. ते गणित नफ्यावर चालवता येतं हे जगाला दिसलं. आपल्याकडे कमी पडलं ते खेळतं भांडवल, एकत्र खरेदी आणि वेळेवर देखरेख. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींत तुमचं खातं मदत करू शकलं असतं. शंभर भांडारांनी वेगवेगळी शंभर पोती घ्यायची की सगळ्यांनी मिळून दहा हजार घ्यायची, हे ठरवण्यासाठीच तर संघ आणि महासंघ असतात.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी तक्रार: सभासदाला कुणी काही सांगत नाही. संस्था अवसायनात गेली की संचालक मंडळ जातं आणि सभासदाचा आवाजही त्याच्याबरोबर जातो. अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळायला नेमलेले अधिकारी, नोटिसा पाठवतात त्या सभासद नोंदवहीतल्या पत्त्यांवर. ते पत्ते कुठले? ज्या चाळी पाडून टॉवर झाले त्यांचे. खोली नंबर अमुक, मजला तिसरा. तिथे आता खोलीही नाही आणि तो मजलाही नाही. नोटीस परत येते, फाइलला "बजावणी झाली नाही" असा शेरा पडतो आणि काम पुढे सरकतं. कागदावर सगळं नियमाप्रमाणे झालेलं असतं. सभासद मेला असेल तर वारसांना शेअर होते हेच माहीत नसतं. आपल्या वडिलांच्या पेटीत एखाद्या भांडाराचा शेअर दाखला निघाला तर तो घेऊन कुठे जायचं, हे आज कोण सांगतं?

दुसरी तक्रार त्याहून विचित्र आहे. २०१३ च्या कायदादुरुस्तीने सभासदांची क्रियाशील आणि अक्रियाशील अशी विभागणी आली. पुढे त्यात फेरफार झाले, पण कल्पना मुळात अशी की पाच वर्षांत किमान एक सभा आणि उपविधीत, म्हणजे संस्थेच्या नियमावलीत, ठरलेली किमान सेवा घेतली तर सभासद क्रियाशील. साखर कारखान्याला किंवा पतसंस्थेला हे ठीक आहे. ज्या भांडाराचं शटर खाली आहे, त्याच्या सभासदाने खरेदी करायची कुठून? मतदानाचा हक्क मिळवायला जे दुकान उघडं लागतं ते संस्थेनेच बंद केलं, आणि शिक्षा सभासदाला!

तिसरी तक्रार कर्मचाऱ्यांची. माझ्याबरोबर धान्य निवडणाऱ्या बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत. निवडताना उडणाऱ्या धुळीने कित्येकींना दमा जडला. ग्रॅच्युइटी हा कायद्याने दिलेला हक्क आहे, ती कुणाच्या मर्जीची बक्षिशी नव्हे. तरी आमच्या भांडारातल्या कित्येकींना ती मिळालेली नाही. विचारलं की उत्तर येतं, मालमत्ता विकली की बघू. मालमत्ता विकायला काढली तर नोटिशीत त्यांचा उल्लेख नाही. त्यांच्यातल्या काही जणी वाट बघत गेल्या.

चौथी तक्रार: सहकारात सगळे सारखे, असं आम्ही प्रशिक्षण वर्गात शिकलो होतो. अडचणीतल्या साखर कारखान्याच्या कर्जाला राज्य सरकार हमी देतं. सहकारी बँक बुडाली तर ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये ही मर्यादा एक लाखावरून वाढवली, चांगलंच झालं. ग्राहक भांडारात शेअर किंवा ठेव ठेवणाऱ्याला काय आहे? काहीही नाही. ऊस उत्पादक संघटित आहे, कारखान्याच्या मागे एक मतदारसंघ आहे. डाळ घेणाऱ्या बाईच्या मागे कोण आहे?

पाचवी तक्रार जागेची, आणि माझ्या मते सगळ्यात तातडीची. जिथे जिथे भांडारांचे गाळे सवलतीच्या दराने, सार्वजनिक सोयीसाठी म्हणून मिळाले, तिथे आज त्या गाळ्याची किंमत संस्थेने सगळ्या आयुष्यात केलेल्या धंद्यापेक्षा जास्त भरेल. म्हणूनच मला भीती वाटते की भांडार बंद राहण्यात कुणाचा तरी फायदा आहे. गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. १९९१ च्या नियमात शहर, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे होते. २००१ च्या बदलानंतर वाटा फक्त मोकळ्या जमिनीचा उरला आणि गिरणगावाच्या वाट्याला फारच थोडं आलं. भांडारांच्या बाबतीत तीच गोष्ट लहान प्रमाणात, गाळ्यागाळ्याने होणार असेल तर आम्ही गप्प बसणार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ११० सांगतं की देणी भागवून उरलेली मालमत्ता शासनाच्या पूर्वमंजुरीने सभासदांत वाटायची, नाहीतर संस्थेच्या उद्देशाच्या किंवा सार्वजनिक उपयोगाच्या कामी लावायची. मग ती बिल्डरच्या हातात पडेल अशी व्यवस्था त्याच कायद्याखाली कशी काय होते? कलम १०९ ने अवसायनाला मुदत घालून दिली आहे, ती वाढवूनही मिळते. इतकी वर्षं काही न करता शेवटी घाईने लिलाव काढायचा, याला कारभार म्हणत नाहीत.

आता कुणी म्हणेल, भांडारांचा काळ गेला. घरबसल्या दहा मिनिटांत सामान येतं. हे मला पटत नाही आणि त्याचं कारण सरकारनेच पुरवलं आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्राने "भारत" नावाने हरभराडाळ ६० रुपये किलोने विकायला काढली, नोव्हेंबरमध्ये पीठ आणलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये तांदूळ. नाफेड, एनसीसीएफ आणि केंद्रीय भंडार या देशपातळीवरच्या सहकारी संस्थांमार्फत, आणि जागोजागी गाड्या उभ्या करून. डाळ विकायला सरकारला रस्त्यावर गाडी उभी करावी लागली, आणि सहकारी भांडारांची शटरं खाली होती! पुरवठ्याची गरज संपलेली नाही. ज्या हातांनी तो व्हायचा ते हात तुम्ही सोडून दिलेत.

जिवंत उदाहरणंही आहेत. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचं सामान वाटते, दुकानाशिवाय. अपना बाजारने पंचाहत्तरी पार केली आहे. शाखा पूर्वीइतक्या नाहीत, पण संस्था उभी आहे. मुंबईच्या "सहकारी भांडार" या संस्थेच्या दुकानांचा कारभार मात्र रिलायन्स रिटेलकडे गेला. तो निर्णय बरोबर की चूक हे त्यांच्या सभासदांनी ठरवावं. माझा प्रश्न इतकाच की खाजगी कंपनीकडे जाणं किंवा लिलावात निघणं यांखेरीज तिसरी वाट खात्याने भांडारांना कधी दाखवली का? २०२५ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष होतं. आमच्या भागातही कार्यक्रम झाले, फलक लागले. मी शेवटपर्यंत बसून भाषणं ऐकली. ग्राहक भांडार हा शब्द एकदाही आला नाही.

आमच्या मागण्या अशा:

१. अवसायनातल्या ग्राहक संस्थांच्या जागांच्या सर्व लिलावांना तात्काळ स्थगिती द्या. सभासदांची बैठक बोलावून त्यांचं म्हणणं नोंदवल्याशिवाय एकही गाळा विकू नका.

२. राज्यातल्या सगळ्या ग्राहक सहकारी संस्थांची जिल्हावार यादी जाहीर करा: चालू किती, बंद किती, अवसायनात किती, प्रत्येकीच्या ताब्यात जागा कुठल्या आणि त्या कोणत्या अटीवर मिळाल्या होत्या.

३. मालमत्तेतून येणाऱ्या पैशातून कर्मचाऱ्यांचे पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी आधी द्या. सत्तरीच्या पुढच्यांना वाट बघायला लावू नका.

४. जुने सभासद आणि वारस यांना दावा सांगण्यासाठी पुरेशी मुदत द्या, आणि तिची सूचना डोंबिवली, बदलापूर, विरारपासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरपर्यंत पोचेल अशी द्या. गिरणी कामगार आज तिथे आहे.

५. बंद दुकानाचा सभासद अक्रियाशील धरला जाणार नाही, असं स्पष्ट परिपत्रक काढा.

६. भांडारं बुडाली तिथे कलम ८३ ची चौकशी झाली का, कलम ८८ खाली कुणावर जबाबदारी निश्चित झाली, वसुली किती झाली, हे लोकांसमोर मांडा. प्रामाणिकपणे काम केलेल्या संचालकांवरचा संशयही त्याने दूर होईल.

७. जागा रिकाम्या असतील तर त्या भाड्याने द्या, आणि पहिला हक्क दुसऱ्या ग्राहक संस्थेला, महिला बचत गटांना, शेतकरी उत्पादक कंपन्यांना. मराठवाड्यातली तूरडाळ आणि भंडारा-गोंदियाचा तांदूळ थेट त्या गाळ्यांत येऊ द्या. पणन महासंघाने एकत्र खरेदीची जबाबदारी घ्यावी.

यातल्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मागणीला सरकारचा पैसा लागत नाही, खात्याचा आदेश पुरतो. बाकीच्यांसाठी वेळ लागेल हे मला कळतं. वार्षिक सभांची मुदत ३० सप्टेंबरला संपते. त्याआधी आपण या सात मुद्द्यांवर लेखी आणि जाहीर उत्तर द्यावं. ते आलं नाही तर आम्ही जुने कर्मचारी आणि सभासद लिलावाच्या दिवशी तिथे हजर राहू, आमचे शेअर दाखले घेऊन, आणि बोली लावायला येणाऱ्या प्रत्येकाला ही जागा कुणाची आहे ते सांगू. मग उच्च न्यायालयात जाऊ. वकिलांशी बोलणं झालं आहे, वर्गणी जमते आहे.

ज्या वाचकांच्या घरी एखाद्या ग्राहक भांडाराचा शेअर दाखला, पासबुक किंवा रिबेटची पावती असेल त्यांनी ती फेकू नये. तिच्या झेरॉक्स काढून आपल्या जिल्ह्याच्या उपनिबंधक कार्यालयात अर्जासोबत द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

आपली,
एक सभासद आणि निवृत्त कर्मचारी
मध्य मुंबईतलं एक सहकारी ग्राहक भांडार (अवसायनात)